तीन मंगळवार आणि एक नंबरची जर्सी

१

खण रिकामा होता. म्हणजे शिट्टी होती, चिकटपट्टीचं रीळ होतं, काच तडकलेलं स्टॉपवॉच होतं. हजेरीवही नव्हती. आणि त्या सकाळी त्या खणात तीच एक असायला हवी होती.

गुरुवार, सकाळचे आठ. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा सराव नुकताच संपला होता. शनिवारी अंतिम सामना. संघाच्या प्रशिक्षिकेला सगळं मैदान नुसतं 'बाई' म्हणतं. त्या बाईंनी खण पूर्ण ओढून काढला, उलटा केला, टेबलाखाली बघितलं. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही. तरी वाकल्या.

"नाही ना? वाटलंच मला," दारातून आवाज आला.

क्लबचे सचिव. हा माणूस आयुष्यात एकदाही पहाटे पाचला उठून मैदानावर आला नाही, पण पहाटे पाचला कुणी उठलं नाही तर काय करायचं याचे नियम त्यानेच केले होते. नियम कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून, चारही कोपऱ्यांत खिळे ठोकून लावले होते. सामानखोलीच्या भिंतीवर ते चकाकत होते: 'एका महिन्यात तीन सराव चुकवणारी खेळाडू अंतिम सामन्यास अपात्र. कोणतेही कारण ऐकले जाणार नाही.'

"तुमची एक नंबरची गोलकीपर," सचिव म्हणाले, "गेले तीन मंगळवार सरावाला नव्हती. कॅप्टनच्या वडिलांचं औषधाचं दुकान दवाखान्याच्या फाटकासमोरच आहे. सकाळी साडेसहाला तिन्ही वेळा त्यांनी तिला तिथे बघितलंय. मी काल जाहीर केलं की शुक्रवारी वही तपासणार. आज वही गायब. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मला तिची एकही दांडी आठवत नाही," बाई म्हणाल्या.

"तुमच्या आठवणीवर संघ चालत नाही, बाई. वहीवर चालतो. सराव चालू असताना ती इथे आली होती की नाही?"

"आली होती. बोटाला पट्टी बांधायला."

"झालं तर मग. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वही माझ्यासमोर आली नाही, तर ती मुलगी बाद. शनिवारपुरती नाही. कायमची."

कोपऱ्यात दुसरीच एक बाई वाकून घामट जर्सी पिशवीत भरत होती. मैदानामागच्या गल्लीत तिची लाँड्री आहे: दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि कपडे वाळवायला वर गच्ची. तिला सगळे मावशी म्हणतात. गेल्या वर्षी क्लबच्या खिडकीची काच कुणी फोडली ते तिने एका पँटच्या दुमडीतल्या काचेच्या चुऱ्यावरून सांगितलं होतं, आणि तो पँटवाला सचिवांचाच पाहुणा निघाला होता.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तुम्ही बघाल का जरा?"

सचिव हसले. "कपडे धुणाऱ्या बाई तपास करणार?"

मावशीने मान वर केली. "कपडे बोलतात, साहेब. तुमचा शर्ट बघा. पाठीवर गाडीच्या सीटची घडी, कॉलर कोरडीठाक. फाटकातून गाडी थेट दारापर्यंत आणलीत. मैदान किती लांब आहे ते तुमच्या शर्टाला अजून माहीत नाही."

सचिवांचं हसू तिथेच विरलं.

२

मावशीने पहिला प्रश्न बाईंनाच विचारला. पाहुण्याला आधी आणि घरच्याला नंतर, असली रीत तिच्याकडे नव्हती.

"वही खोटी लिहिता का तुम्ही?"

बाई लाल झाल्या. मग म्हणाल्या, "नाही. हजर असली की ठिपका, नसली की शून्य. अठरा वर्षं झाली, एक ठिपका मी फुकट दिलेला नाही."

ते खरं होतं. या बाईंबद्दल बोलायचं तर उभं राहून बोललं पाहिजे. कधीकाळी स्वतः खेळत होत्या, गुडघा गेला. दुसरी कुणी घरी बसली असती. या बाई त्या दुखऱ्या पायानं पहाटे सायकल ढकलत येतात, दव पडलेल्या गवतावर स्वतः खुणांचे शंकू मांडतात, आणि ज्या पोरींना घरी कुणी विचारत नाही त्यांना पळायला शिकवतात. मानधन म्हणजे नाव काढावं असं काही नाही. सचिवांच्या लॅमिनेशन मशीनवर क्लबने जास्त खर्च केला असेल.

"हजेरी घेता कशी?"

"पाठीवरून."

"म्हणजे?"

"मुली मध्यरेषेवर रांगेत उभ्या राहतात, तोंड पलीकडे. मी मागून नंबर वाचत जाते. चेहऱ्याकडे बघितलं की पोरी सबबी सांगायला लागतात, बाई पोट दुखतंय, बाई बस चुकली. मग मलाही दया येते. पाठ बघितली की दया येत नाही. नंबर आहे की नाही, एवढंच."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारीही तेच. तिन्ही मंगळवार धुकं होतं. टोप्या, मफलर, पण नंबर स्पष्ट दिसतात. एक नंबर होती. शपथेवर सांगते."

"मग वहीत ती हजर आहे."

"असणारच."

"आणि बाकीच्यांची शून्यं?"

"असतील एकेकीची. बेरीज मी महिनाअखेरीस करते. दोघी गोलकीपर तर माझ्या नजरेखाली नसतातच. रांग मोडली की त्या पलीकडच्या गोलात माळीकाकांकडे जातात. या गुडघ्यानं तिकडे जाऊन परत येणं म्हणजे माझा अर्धा तास."

मावशी मैदानाकडे बघत राहिली. पलीकडचा गोल इतका लांब होता की तिथला माणूस काडेपेटीतल्या काडीएवढा दिसत होता.

औषधवाला खोटं बोलत असेल, किंवा बाई. तिसरी शक्यता मावशीला अजून सुचली नव्हती.

३

माळीकाका पाण्याचा पाइप गुंडाळत होते. तरुणपणी त्यांच्या डाव्या पायाच्या फटक्याला तीन गावं घाबरायची. आता ते गवत कापतात, आणि आठवड्यातून तीनदा दोन गोलकीपर पोरींवर चेंडू मारतात.

"काका, खोलीची किल्ली तुमच्याकडे?"

"माझ्याकडे. आणि कुलूप इतकं जुनं की केसाच्या पिननंही उघडतं. तेव्हा माझ्यावर संशय घेणार असाल तर पिना घालणाऱ्या सगळ्यांवर घ्या."

"तुमच्या डोक्यावर तर एक केस नाही."

"म्हणूनच निर्धास्त आहे."

"तिन्ही मंगळवार एक नंबर होती का इथे?"

काकांनी पाइपाचा वेढा नीट बसवला. मग दुसरा. "एक नंबरच्या जर्सीनं तिन्ही मंगळवार माझे चेंडू अडवले. असे अडवले की तिसऱ्या मंगळवारी मी टोपी काढली, मावशी. मी. टोपी."

"आणि दोन नंबरची? म्हणजे राखीव गोलकीपर?"

"बारा नंबर आहे तिचा."

"ती आली होती?"

"मी माळी आहे. हजेरी घेणं माझं काम नाही."

एवढं बोलून काका नळाकडे निघून गेले. गप्प बसायचं तर माणसाने असं बसावं, की गप्प बसल्याचा आवाज यावा. मावशीला तो आवाज आला.

४

संघात दोन गोलकीपर. पहिलीला सगळे 'भिंत' म्हणतात, कारण तिच्या पलीकडे काही जात नाही. दुसरी तिची राखीव, म्हणून 'कुंपण'. उंची सारखी, खांदे सारखे, दोघींच्या जर्सी पिवळ्या. एकीच्या पाठीवर एक, दुसरीच्या बारा. कुंपण दोन वर्षांत एकही सामना खेळली नव्हती. बाकावर बसायची आणि ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची.

ती पाण्याच्या टाकीपाशी बूट धूत बसली होती.

"तूही गेली होतीस ना आज खोलीत?"

"हवा भरायचा पंप आणायला. तेव्हा खण बंद होता. मी उघडला नाही."

"वही कुणी घेतली असेल?"

"मला माहीत नाही. पण भिंतीनं नाही."

"कशावरून?"

"तिला गरजच नाही!" कुंपण एकदम मोठ्याने म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

"का गं गरज नाही? तीन दांड्या आहेत म्हणतात."

"नाहीत. मावशी, वही सापडू दे ना, लवकर सापडू दे. सापडली की कळेल सगळ्यांना. ती साफ आहे."

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं. कोपराच्या वर गुंडाळलेल्या बाह्या, एकावर एक तीन घड्या. पोरीचे डोळे ओले होते, पण भ्यायलेले नव्हते. वही सापडावी असं तिला मनापासून वाटत होतं.

भिंत फाटकाबाहेर भेटली, बसथांब्यावर.

"तू घेतलीस वही?"

"नाही."

"मंगळवारी कुठे होतीस?"

"मैदानावर."

"औषधवाला म्हणतो दवाखान्यात."

भिंतीने मावशीच्या नजरेला नजर दिली नाही. खांद्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "बस आली," ती म्हणाली. बस आली नव्हती. पण ती चालत निघून गेली.

एकीला वही सापडायला हवी होती. दुसरीला नको होती. आणि ज्या वहीत तिला निर्दोष ठरवलं होतं, तीच वही सापडू नये असं भिंतीला का वाटावं?

५

दुपारी मावशीने पिशवी मशीनपुढे रिकामी केली.

बावीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुतले की माणसं चेहऱ्याआधी कपड्यांवरून ओळखू येतात. चौदा जर्सी, चौदा सवयी. कॅप्टन गळा चावते. सात नंबर बाहीला नाक पुसते. कुंपण बाह्या गुंडाळते, त्या तीन घड्यांत माती आणि गवत अडकतं, आणि ते सोडवताना मावशी तिला रोज एक शिवी देते. भिंत बाह्या कधीच गुंडाळत नाही. ती जर्सी डोक्यावरून उलटी ओढते, आणि तशीच उलटी टाकते.

आजची एक नंबर उलटीच होती. मावशीने ती साबणाच्या बादलीत बुडवली आणि चौदावी मोजून मशीन लावलं. चौदा. सगळ्या आल्या होत्या.

चहा घेऊन परत आली तेव्हा बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं.

तिने जर्सी वर काढली. पोटावर, आतल्या बाजूला, वीतभर लाल पट्टा. रक्त नाही, रक्त असं सुटत नाही, त्याला कडा येते. हा रंग होता. स्वस्तातल्या लाल कापडाचा, घामाने सुटलेला.

हजेरीवहीची पाठ लाल कापडाची होती.

वही भिंतीने घेतली होती. जर्सीखाली, पोटाशी धरून, सगळ्यांच्या देखत खोलीबाहेर नेली होती.

मावशी बादलीशेजारी खाली बसली. म्हणजे सचिव जिंकले. हा विचार तिला गिळवेना. आणि दुसरा विचार त्याहून अवघड होता: बाईंची वही खोटी नसते, वहीत भिंत हजर आहे, मग साफ असलेल्या पोरीने ती चोरली कशाला?

गुलाबी पाण्याकडे बघता बघता तिला आठवलं की चौदा जर्सी मंगळवारी येत नव्हत्या. गेले तीन मंगळवार तेराच आल्या होत्या. एखादी पोर आली नसेल, जर्सी खुंटीवर राहिली असेल, म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. कोणती कमी होती? आणि त्या दिवशी एक नंबरची जर्सी कशी आली होती?

मावशीने ओले हात पदराला पुसले आणि दुकान बंद न करताच निघाली.

६

भिंतीचं घर दोन खोल्यांचं. आई बस चालवते, सकाळची पाळी. दारातच आजोबा खुर्चीत बसले होते, डाव्या हाताला कापसाची पट्टी.

"या. कपडे न्यायला आलात की नात न्यायला?"

"बघू काय स्वच्छ करायचंय ते," मावशी म्हणाली. "हाताला काय झालं?"

"मूत्रपिंडं बसली संपावर. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घेतो. तुमच्याच धंद्यातलं मशीन आहे, फक्त इस्त्री करत नाहीत. एरवी दुपारी असतं. महिनाभर मंगळवारची पाळी सकाळची दिलीय. लेक बसवर, म्हणून ही येते सोबत."

आतून भिंत बाहेर आली. तिने मावशीच्या हातातली पिशवी बघितली. पिशवीत ओली जर्सी होती, पोटावरचा लाल पट्टा वर केलेली.

दोघी जिन्यात जाऊन बसल्या.

"मी घेतली," भिंत म्हणाली. "झालं? सांगा त्यांना. काढू दे मला."

"वही कुठाय?"

"आहे. पण देणार नाही."

"उघडून बघितलीस?"

भिंतीने मान वळवली.

"बघितलीस. पट्टीच्या निमित्ताने गेलीस, आपली किती शून्यं झाली ते बघायला खण उघडलास. आणि तुझ्या ओळीत तुला एकही शून्य दिसलं नाही."

पोरीचा चेहरा असा झाला, जणू कुणी अगदी जवळून चेंडू मारला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाह्यांनी सांगितलं."

मावशी उठली. "उद्या पाच वाजता वही घेऊन ये. मी तुझ्याकडून ओढून घेणार नाही. तूच आण."

"आणली तर तिला काढतील."

"आणि नाही आणलीस तर तुला. तुझी तयारी आहे हे कळलं मला. पण तिची आहे का, तुला असं जाऊ द्यायची? विचारलंस तिला? तिनंही तुला विचारलं नव्हतं. दोघी सारख्याच शहाण्या."

भिंत पायरीवरच बसून राहिली. ती येईल की नाही, हे मावशीला जिना उतरतानाही माहीत नव्हतं.

७

शुक्रवार. सामानखोलीत सचिव, बाई, माळीकाका आणि कुंपण. दाराबाहेर बाकीच्या बारा मुली, कुणी न बोलावता आलेल्या. घड्याळात पाचाला चार मिनिटं कमी.

"मी थांबणार नाही," सचिव म्हणाले.

"चार मिनिटं तुमचीच आहेत, साहेब," मावशी म्हणाली. "ती मी वापरते. वही इथे नाही, पण तिच्यात काय आहे ते मी आधीच सांगते. भिंतीच्या ओळीत सगळे ठिपके. बारा नंबरच्या ओळीत तीन शून्यं. तिन्ही मंगळवारची."

"बारा नंबर?" सचिवांनी कुंपणाकडे बघितलं. "तिचा काय संबंध?"

"तीन मंगळवार माझ्याकडे तेरा जर्सी आल्या. बारा नंबर नव्हती, ती इथे खुंटीवर होती. एक नंबर आली होती. पण सुलटी, आणि बाह्या तीन घड्या गुंडाळलेल्या, घड्यांत माती. भिंत बाह्या गुंडाळत नाही, आणि जर्सी उलटी टाकल्याशिवाय तिला झोप येत नाही. तीन घड्या घालणारी पोर या संघात एकच."

कुंपणाने नकळत बाह्या खाली ओढल्या. बाहेर कुणीतरी हुंदका दाबला.

"औषधवाला खरं बोलला. भिंत दवाखान्यात होती, आजोबांसोबत. बाईही खरं बोलल्या. एक नंबर मैदानावर होती. फक्त जर्सीत दुसरी पोर होती. हजेरी पाठीवरून होते हे हिला माहीत होतं. धुक्यात, टोपीत, पाठ कुणाचीही एकच. रांग मोडली की पलीकडच्या गोलात. तिथे काकांना कळलंच, पण काका माळी आहेत."

"मी माळीच आहे," काका म्हणाले, आणि टोपी काढून हातात धरली.

"आणि या बाहेरच्या बारा जणींना कळलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. कॅप्टननं स्वतःच्या बापालासुद्धा सांगितलं नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "का गं?" त्यांनी कुंपणाला विचारलं. आवाज चढवला नाही.

"भिंत म्हणाली होती, बाईंना सांगते," कुंपण म्हणाली. "मीच म्हटलं, तिथं काय लिहिलंय ते वाच. कारण ऐकले जाणार नाही. तू आजोबांना घेऊन जा, मी सांभाळते. कसं सांभाळणार ते तिला सांगितलं नाही, तिनं जर्सी घालू दिली नसती. बाई, मी बाकावरच बसते. माझ्या शून्यांनी कुणाचं काय बिघडतं?"

दोन वर्षं बाकावर बसलेल्या पोरीने बाकावरची जागासुद्धा देऊन टाकली होती, आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं.

"मग वही कुणी चोरली?" सचिवांनी विचारलं.

"मी."

भिंत दारात उभी होती. धापा टाकत. तिने खांद्याच्या पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. घड्याळात पाच वाजले.

"मला काढायला नको म्हणून नाही घेतली," ती म्हणाली. "माझी ओळ साफ होती. तिची तीन शून्यं दिसली. ती शून्यं माझी आहेत."

"मूर्ख आहेस तू," कुंपण म्हणाली आणि रडायला लागली.

"तू जास्त," भिंत म्हणाली.

सचिवांनी वही उघडली. मावशीने सांगितलं होतं तसंच होतं, ठिपक्याला ठिपका. "ठीक आहे," त्यांनी घसा साफ केला. "वहीप्रमाणे बारा नंबर अपात्र. प्रत्यक्षात एक नंबर अपात्र. शिवाय एकीने तोतयेगिरी केली, दुसरीने चोरी. दोघी बाहेर. नियम माझा नाही, क्लबचा आहे."

बाई उठल्या. गुडघा कटकन वाजला. भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद त्यांनी पहिल्यांदाच वाचावा तसा वाचला, बोट ठेवून. मग सचिवांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"वहीत शून्य कुणाला द्यायचं, साहेब? जी सरावाला नव्हती तिला ना?"

"अर्थात."

"भिंत आजोबांजवळ होती. जिथे असायला हवं होतं तिथे होती. कुंपण गोलात होती, काकांच्या चेंडूंपुढे. बारा जणी रांगेत होत्या. काका होते. मावशींच्या बादलीत जर्सीसुद्धा होती." बाईंनी वहीचं पान सपाट केलं. "नव्हते ती मी. तीन मंगळवार माझ्यासमोर एका पोरीच्या जागी दुसरी उभी होती आणि मी पाठी मोजत होते. एकीच्या घरी आजारपण आहे हे मला माहीत नव्हतं. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत शून्यं गोळा करत होती, मी विचारलं नाही."

चौदा नंबरच्या खाली त्यांनी पंधरावी ओळ आखली. तिच्यापुढे लिहिलं, प्रशिक्षक. बारा नंबरची तीन शून्यं खोडून तिथे ठिपके दिले, शेजारी सही केली. आणि आपल्या ओळीत, तीन मंगळवारांखाली, तीन शून्यं काढली. गोल, सावकाश.

"तीन सराव चुकवणारी अपात्र," त्या म्हणाल्या. "कारण मी सांगत नाही. ऐकलं जाणार नाही असं तुम्हीच लिहिलंय. उद्या मी मैदानात येणार नाही. पोरी खेळतील."

सचिव काहीतरी म्हणणार होते. दाराबाहेर बारा मुली होत्या, आत दोन, आणि काकांची टोपी अजून हातात होती. ते दाराकडे वळले. जाताना पेन मागायलाही विसरले.

८

शनिवारी बाई जाळीबाहेर उभ्या राहिल्या, मावशीच्या कपड्यांच्या खोक्यावर चढून. आत पाऊल टाकलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा जाळीवरून आत फेकली.

सामन्याआधी मुली मध्यरेषेवर रांगेत उभ्या राहिल्या, सवयीप्रमाणे पाठमोऱ्या. मग कॅप्टनने काहीतरी सांगितलं आणि सगळी रांग वळली. चौदा चेहरे जाळीकडे.

बाईंनी एकेकीला हाक मारली. नंबरानं नाही, नावानं. एकेकीकडे बघून, पुढचं नाव घेण्याआधी थांबून. एक म्हणाली, पोटात गोळा आलाय. बाई ओरडल्या, "मलाही आलाय, खेळ!" हजेरीला आठ मिनिटं लागली आणि पंचांनी दोनदा घड्याळ दाखवलं.

पहिला अर्धा सामना भिंत गोलात उभी होती. दुसऱ्या अर्ध्याला तिने स्वतःच हातमोजे काढून कुंपणाच्या हातात दिले, आणि बाकावर जाऊन बसली. कुंपणाने बाह्या तीन घड्या गुंडाळल्या. शेवटच्या मिनिटाला समोरच्या उंच पोरीने मारलेला चेंडू तिने असा काही अडवला की पलीकडे माळीकाका डोक्यावर टोपी नसतानाही टोपी काढायला गेले. एक-शून्य. जिंकल्या.

बाई खोक्यावरून उतरल्या नाहीत. जाळीच्या भोकांतून चौदा जणींची बोटं बाहेर आली, आणि त्या एकेकीची बोटं धरत राहिल्या.

मावशी निघून गेली होती. रविवारी सकाळी तिने पिशवी मशीनपुढे रिकामी केली. गळा चावलेली, नाक पुसलेली, एक उलटी, एक तीन घड्यांची. घड्यांतली माती सोडवताना तिने नेहमीची शिवी दिली.

चौदा. एकही कोरडी नव्हती.